ट्रान्सफॉर्मरला चुंबक चिकटवून फुकट वीज? एकेक दावा तपासू

पावसाळ्यात लाइट जायला लागले की हा व्हिडिओ पुन्हा फिरायला लागतो. जुन्या यूपीएसमधला ट्रान्सफॉर्मर, १२ व्होल्टची छोटी बॅटरी, एक-दोन ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्याला, म्हणजे कोरला, चिकटवलेलं निओडिमियम चुंबक. बल्ब पेटतो, मल्टिमीटरवर आउटपुट इनपुटच्या तिप्पट दिसतं आणि खाली मजकूर असतो: बॅटरी फक्त सुरू करण्यापुरती, पुढे आयुष्यभर फुकट वीज, अमेरिकेत पेटंटही आहे, पण कंपन्यांनी दाबून ठेवलंय. बल्ब खरोखर पेटत असेल, मला शंका नाही. घोळ आहे तो त्याचा अर्थ लावण्यात.

‘१२ व्होल्टचे २३० होतात, म्हणजे वीज वाढली.’ व्होल्ट वाढले, वॅट नाही. १२ व्होल्टवर ५ अँपिअर म्हणजे ६० वॅट. तेच २३० व्होल्टवर नेले की फार तर पाव अँपिअर हाती लागणार, आणि तेवढाही लागत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतो तसला छोटा १२-०-१२ (२३० चे १२ व्होल्ट करणारा) ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला, तर १२ व्होल्ट एसी देऊनही पलीकडे पुरते २३० येत नाहीत. लोडवर व्होल्टेज पडतं म्हणून बनवणारा सेकंडरीला, म्हणजे आउटपुटच्या कॉइलला, थोडे टर्न (वेढे) जास्त देतो. उलट्या दिशेने तेच टर्न नडतात. वीज मंडळाचे मोठे ट्रान्सफॉर्मर ९८-९९ टक्क्यांपर्यंत पोचतात, हे छोटे ८०च्या आसपास, कधी त्याहून खाली. उरलेलं कुठे जातं ते कोरला हात लावला की कळतं.

‘जास्तीची ऊर्जा चुंबकातून येते.’ मायकेल फॅरडेने २९ ऑगस्ट १८३१ ला लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळून पाहिल्या, तेव्हा दुसऱ्या कॉइलजवळची सुई फक्त बॅटरी जोडताना आणि तोडताना हलली. मधल्या वेळात ढिम्म. चुंबकत्व बदललं तरच वीज, आणि कोरवर गप्प बसलेलं चुंबक काहीच बदलत नाही. उलट ते कोरची चुंबकत्व पेलायची क्षमता अर्धी भरून टाकतं, प्रायमरी (इनपुटची कॉइल) जास्त करंट ओढते आणि ट्रान्झिस्टर तापतो. समजा चुंबकातली सगळी ऊर्जा काढता आली, तरी किती मिळेल? १० घन सेंटिमीटरच्या अव्वल निओडिमियम चुंबकाच्या क्षेत्रात जेमतेम २ ज्यूल असतात. ९ वॅटचा बल्ब त्यावर पाव सेकंदही चालणार नाही.

‘मीटरवर तिप्पट दिसतं, मीटर खोटं बोलेल का?’ खरी मेख इथे आहे. स्वस्त मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या गुळगुळीत साइन वेव्हसाठी बनवलेला असतो. तो सरासरी काढतो आणि १.११ ने गुणून आकडा दाखवतो. ट्रान्झिस्टर हजारो वेळा चालू-बंद होऊन जे टोकदार झटके काढतो, त्यांच्यापुढे हा गुणाकार निरर्थक ठरतो. कुठल्याही आकाराची वेव्ह नीट मोजणारा आरएमएस मीटर आणला तरी दुसरा घोळ उरतोच: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे एसीमध्ये वॅट नव्हे. मोटरचा १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्टवर साधारण ०.७२ अँपिअर घेतो. गुणाकार येतो १६६. पण कपॅसिटर कोमटही होत नाही, घरचं मीटरही जवळजवळ पुढे सरकत नाही, कारण करंट आणि व्होल्टेज पाव फेऱ्याने पुढे-मागे असतात. घेतलेली ऊर्जा लगेच परत जाते. व्हिडिओतल्या बऱ्याच जोडण्यांत कॉइलला कपॅसिटर लावून रेझोनन्स साधलेला असतो, म्हणजे हाच परत जाणारा करंट फुगवलेला असतो. तिप्पट कशाला, त्यात दहापटही दाखवता येईल.

ज्याला खरंच मोजायचंय त्याने आउटपुटला रेझिस्टर लावावा आणि तो किती तापतो ते बघावं. मग तोच रेझिस्टर साध्या डीसीवर तेवढाच तापवून वॅट मोजावेत. उष्णतेला वेव्हचा आकार कळत नाही.

‘रात्रभर चालवलं, बॅटरी उतरली नाही.’ १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. ‘९ वॅट’ छापलेला एलईडी बल्ब एका वॅटवरही डोळ्याला बरा दिसतो, त्या हिशेबाने तीन दिवससुद्धा निघतील. शिवाय लोड काढला की लेड-ॲसिड बॅटरीचं व्होल्टेज आपोआप थोडं वर येतं; ते ‘चार्जिंग’ नव्हे. बॅटरीच्या जागी १२ व्होल्टने भरलेला ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि आउटपुट डीसी करून त्याच कपॅसिटरला परत द्या. त्यात असतो जेमतेम एक तृतीयांश ज्यूल. यंत्र खरोखर जास्त देत असेल तर व्होल्टेज चढत जाईल. हा प्रयोग व्हिडिओत कधी दिसत नाही.

पेटंटचं म्हणाल, तर ते खरं आहे. टॉम बेअर्डन आणि चार साथीदारांना ‘मोशनलेस इलेक्ट्रोमॅग्नेटिक जनरेटर’साठी २६ मार्च २००२ ला अमेरिकेचं पेटंट मिळालं, क्रमांक ६३६२७१८. पण पेटंट म्हणजे यंत्र चालवून पाहिल्याचा दाखला नव्हे. आणि ‘दाबून ठेवलंय’ म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते: पेटंट म्हणजे सगळी रचना छापून जगजाहीर करणं. त्याची मुदतही संपलेली, म्हणजे आज कोणीही रॉयल्टी न देता ते यंत्र बनवून विकू शकतो. कोणी विकत नाही. असाच दावा करणाऱ्या जोसेफ न्यूमनचं ‘एनर्जी मशीन’ मात्र अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने (मोजमापाच्या सरकारी संस्थेने) १९८६ मध्ये खरंच तपासलं. प्रत्येक चाचणीत आउटपुट इनपुटपेक्षा कमी भरलं. आपल्याकडे तर १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(अ) निसर्गनियमांच्या उघड विरोधातला दावा दारातच अडवतं.

‘करून बघायला काय जातं?’ बारा व्होल्टवरही आउटपुटला शेकडो व्होल्ट असू शकतात, हे आधी लक्षात ठेवा. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरला तर हातच लावू नका: सेकंडरीवर २००० व्होल्टच्या आसपास, आणि माणूस मारायला पुरून उरेल एवढा करंट. याच ट्रान्सफॉर्मरने लाकडावर नक्षी जाळताना परदेशात अनेक हौशी लोक जिवानिशी गेलेत. त्याहून वाईट म्हणजे लाइट गेल्यावर असलं आउटपुट घरातल्या सॉकेटला देणं. डीपी, म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, दोन्ही दिशांनी चालते. मेन स्विच पाडलेला नसेल तर तुमचे २३० व्होल्ट उलटे जाऊन पलीकडे ११ हजारांच्या लाइनवर येऊ शकतात, आणि त्या वेळी खांबावर वायरमन चढलेला असतो.