हिरवा बाण म्हणजे अख्खी लेन मोकळी नव्हे

‘सरळ आणि वळण अशा सामायिक लेनमध्ये वळणाचा हिरवा बाण लागला की सरळ जाणाऱ्यांनीही निघावं, लेन एकच असते,’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि जिवावर बेतू शकतो.

रस्त्यावरील चिन्हे व सिग्नलांविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २३ स्पष्ट आहे: हिरवा बाण फक्त तो दाखवतो त्याच दिशेला जाण्याची मुभा देतो. परवानगी दिशेला असते, लेनला नाही. बाण चालू असताना अनेक चौकांत समोरून वळणाऱ्या गाड्याही सुटलेल्या असतात. अशा वेळी सरळ घुसलेली गाडी थेट त्यांच्या वाटेत येते, आणि त्यांना तिची कल्पनाच नसते.

मागचे वैतागतात हे खरं. पण रस्त्यावर दोन्ही दिशांचे बाण रंगवलेले असतील, तर सरळ जाणाऱ्याने त्या लेनमध्ये असणं ही चूक नाही. हॉर्न वाजला म्हणून लाल दिवा ओलांडू नका. खरं तर ही कोंडी आखणीतली आहे. सामायिक लेन असेल तिथे सरळ आणि वळण दोन्हींना एकदम हिरवा देणं हा तिच्यावरचा रुळलेला उपाय आहे.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला असेल, तिथे हा खुलासा टाका.