सांडव्याला फळ्या लावू नका

पाऊस ओसरायला लागला की फार्महाऊस आणि कृषी पर्यटनवाल्यांच्या खासगी तलावांवर एक उद्योग सुरू होतो. सांडव्यात, म्हणजे तलावाचं जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, फळ्या नाहीतर वाळूच्या गोण्या लावायच्या आणि पाणी फूटभर वाढवून घ्यायचं, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत बोटी चालतील. काही जण मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर बारीक जाळी बांधतात. पहिल्याच लोंढ्यात पालापाचोळा अडकून त्या जाळीची भिंत होते. मातीच्या बांधाशी याहून वाईट वागणं मला तरी माहीत नाही.

दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलं तरी तो सहसा तग धरतो. मातीचा बांध माथ्यावरून वाहू लागला की कोरड्या, म्हणजे तलावाबाहेरच्या, बाजूची माती खरवडत जाते, खिंडार पडतं आणि मग हातात काहीच राहत नाही. तलाव लहान आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एक एकराचा, सरासरी अडीच मीटर खोल तलाव म्हणजे एक कोटी लिटर पाणी. वजनात दहा हजार टन.

आता सांडव्याचा हिशेब. पाणलोट, म्हणजे जिथलं पाणी तलावात येतं ती जमीन, 50 हेक्टर, पाऊस तासाला 75 मिलिमीटर, त्यातलं निम्मं पाणी वाहून आलं, तर तलावात सेकंदाला पाच घनमीटरच्या वर पाणी येतं. तो 60 सेंटिमीटर खोलीने जायचा तर सांडवा साडेसहा-सात मीटर रुंद हवा. यातली खालची 30 सेंटिमीटर फळ्यांनी अडवली की उरलेल्या उंचीतून निम्मं पाणी जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात जेमतेम एक तृतीयांश जातं. बाकीचं तलावात चढतं आणि बांधाच्या माथ्याकडे निघतं. परतीचा पाऊस तासाभरात केवढा कोसळतो ते वेगळं सांगायला नको.

वर भरपूर उंची शिल्लक आहे, असं मालक सांगतात. ती एकदा मोजा. भराव दबतो, आणि सगळ्यात जास्त दबतो मधोमध, जुन्या नाल्यावर, कारण तिथेच तो सगळ्यात उंच असतो. गवंडी वापरतो ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, पाणी भरून बुडबुडे काढा आणि सांडव्याच्या तळापासून सुरुवात करून दर पाच मीटरवर माथ्याची पातळी घ्या. मध्ये वीतभर खोलगट भाग निघाला तर नवल नाही. तो भरताना वरून नुसता मुरूम ओतू नका. गवत काढा, जुना थर खरवडा, ओलसर माती 15 सेंटिमीटरच्या थरांनी टाका आणि प्रत्येक थर धुम्मसाने ठोका.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं मातीचं धरण फुटलं आणि भेंदवाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली. नंतर खेकड्यांमुळे धरण फुटलं हे तेव्हाचे मंत्री तानाजी सावंत यांचं विधान गाजलं, आणि खेकडे हा जणू थट्टेचा विषय झाला. खेकडे, घुशी, साळिंदर बांधात बिळं करतात हे खरंच आहे. पण गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, आणि धरण असं बोलत असतं तेव्हा ऐकायचं असतं.

पाझर प्रत्येक मातीच्या बांधाला असतो. बघायचं ते त्याचा रंग आणि त्याची वाढ. पायथ्याशी झिरपणारं पाणी काचेच्या ग्लासात धरा आणि दोन-तीन तास हलवू नका. तळाशी पिठासारखा गाळ बसला तर बांधाच्या पोटातली माती बाहेर येतेय. दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते तलावाच्या पातळीसह वहीत लिहा. पातळी तीच असताना बादली लवकर भरायला लागली की सावध व्हा. गढूळ झरा सिमेंटने किंवा चिकणमातीने बुजवायचा मोह होतो. तसं केलं की दाब आत साचतो आणि पाणी दुसरीकडून फुटतं. त्यावर आधी जाडी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी टाका. पाणी निघून जाईल, माती अडेल. तेवढ्यात जाणकार अभियंत्याला बोलवा, खालच्या घरांना कळवा आणि तलाव उतरवायला घ्या. धोका अगदी दारात नसेल तर रोज वीतभरच उतरवा. पाणी झपाट्याने उतरलं की आतल्या बाजूचा ओला भराव घसरतो.

कोरड्या बाजूच्या उतारावर हिरवंगार लॉन करून स्प्रिंकलर लावणं फोटोत छान दिसतं, पण तिथली ओल पाझराची की स्प्रिंकलरची, हे मग कोणालाच कळत नाही. तिथे आखूड कापलेलं साधं गवत ठेवा. नारळ, सुबाभूळ लावू नका. झाड मेलं की मुळं कुजतात आणि पाण्याला आयती नळी मिळते. कारंज्यासाठी जेसीबीने बांध कापून पाइप टाकणं तर कधीच नको, कारण पाइपाच्या अंगालगत माती नीट ठोकता येत नाही आणि पाणी तीच वाट धरतं. पाणी न्यायचंच तर माथ्यावरून सायफन करा.

पोहण्याबद्दल. आतला उतार बहुधा अडीचास एक असतो, म्हणजे काठापासून पाच मीटरवर पाणी दोन मीटर खोल. उतारावर बसवलेल्या शेवाळलेल्या दगडांवरून (पिचिंग) पाय सटकला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. म्हणून बांधाच्या बाजूने कोणालाच पाण्यात उतरू देऊ नका. समोरचा नैसर्गिक, सपाट काठ निवडा, गाळ काढून बारीक गोटे पसरा आणि कमरेइतक्या खोलीवर तरंगत्या डब्यांची दोरी बांधा. विमोचकाच्या, म्हणजे पाणी खाली सोडायच्या दाराच्या, तोंडापासून निदान दहा मीटर लांब. बोटीत प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट, मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. काठावर बुडणाऱ्याकडे फेकायचं, वीस मीटर दोरीचं तरंगतं रिंग टांगलेलं असू द्या, कुलपात नको. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरची गर्दी पाहून पाहुणे तुमच्याही सांडव्यात बसायला जातील. त्यांना उठवा, वाईटपणा आला तरी.

2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना लागू आहे, आणि काही अटींवर 10 ते 15 मीटरच्या. तुमचा सहा-सात मीटरचा बांध त्यात बसत नाही, तेव्हा तपासणीला कोणी येईल अशी वाट बघू नका. जूनच्या आधी नाल्याच्या कडेने दोन किलोमीटर खाली चालत जा. वाटेत लागतील ती घरं, गोठे, वीटभट्टीवरच्या झोपड्या मोजा आणि प्रत्येक ठिकाणी रात्री दोन वाजताही उचलला जाईल असा एक फोन नंबर घेऊन या.