सॅम्फायर लावल्याने क्षारपड जमीन गोडी होत नाही

‘ऑस्ट्रेलियातल्या खाऱ्या सरोवरांकाठची सॅम्फायर मिठावरच जगते, तिला पाणी लागत नाही. क्षारपड जमिनीत लावली की दोन-तीन वर्षांत मीठ ओढून जमीन गोडी करते, वर मेंढ्यांना फुकट चारा.’ हा मजकूर खूप फिरतोय. झुडूप खरोखर विलक्षण आहे, म्हणूनच त्याच्याबद्दल खोट्या आशा पसरू नयेत.

आधी मीठ ओढण्याचं बघू. सॅम्फायर, म्हणजे टेक्टिकॉर्निया, मीठ घेते हे खरं. तिला पानं जवळजवळ नाहीतच. मण्यांसारखी ओवलेली रसाळ कांडी असतात आणि मीठ त्यांच्या पेशींत कोंडलेलं असतं. पण हिशेब मांडा. एक हेक्टर जमिनीत 1 मीटर खोलीपर्यंत साधारण 14,000 टन माती. मीठ 1 टक्का धरलं तर 140 टन. वर्षाला 1 टन सुकी वाढ आणि त्यात 30 टक्के मीठ धरलं, तर निघतं 300 किलो. म्हणजे साडेचारशेहून जास्त वर्षं, तीही सगळी वाढ कापून शेताबाहेर नेली तर! नाही नेली, तर वाळलेली कांडी गळून मीठ पुन्हा तिथंच.

शिवाय खालून मीठ येतच राहतं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यात खोल मुळांची झाडी तोडून हंगामी पिकं घेतली. पावसाचं जास्त पाणी मुरू लागलं, भूजल वर चढलं आणि जमिनीत साठलेलं मीठ त्याच्याबरोबर वर आलं. पाणीपातळी खाली जात नाही तोवर वर काहीही लावा, मीठ हटत नाही.

‘मिठावरच जगते’ हेही चूक. मोठं झुडूप समुद्राहून खारं पाणी सोसतं, पण बी चांगलं रुजतं ते पावसानं वरच्या थरातलं मीठ धुऊन गेल्यावर. पाणी तर लागतंच: कांड्यांतला रस मुख्यतः मीठ पातळ ठेवायला असतो, आणि दुष्काळ लांबला की कांडी सुकतात.

चारा म्हणून ती जोडीलाच चालते. मेंढी एवढं मीठ पचवू शकत नाही, खाणं कमी करते. सोबत कडबा किंवा गवत आणि भरपूर गोडं पाणी हवंच.

तिचा खरा उपयोग जमीन झाकण्याचा. उघड्या मातीतून बाष्पीभवन कमी झालं की पृष्ठभागावर मीठ कमी साचतं. त्यासाठी क्षारपड तुकड्याला कुंपण घाला आणि रोपं नीट धरेपर्यंत मेंढ्या आत सोडू नका. जवळपास जुनी झुडपं असतील, तर पुष्कळदा बी पेरावंही लागत नाही.