भांड्याएवढं वाढणारं कासव अजून जन्मलेलं नाही

कासवाचं पिल्लू घरी आलं की आठवडाभरात कुणीतरी एक सल्ला पाठवतंच. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर असा: "काचेचं छोटं भांडं पुरे, कासव भांड्याएवढंच वाढतं. पाणी दोन बोटं ठेवा, जास्त झालं तर बुडेल. बसायला दगड ठेवा. भांडं खिडकीत ठेवलं की ऊन मिळतं, बल्ब आणि हीटरची गरज नाही. आठवड्यातून एकदा पाणी बदला, फिल्टर लागत नाही. खायला सुकी कोळंबी. मुलांना हातात घेऊन खेळायला छान. आमचं दोन वर्षं असंच मजेत आहे."

दगडाचं वाक्य तेवढं खरं आहे. बाकीचं एकेक करून बघू. सल्ला बहुतेक वेळा डोळ्यामागे लाल पट्टा असलेल्या रेड-इअर्ड स्लायडरबद्दल असतो, म्हणून आकडेही त्याच जातीचे देतो. जमिनीवर राहणाऱ्या कासवांचा हिशेब पूर्ण वेगळा.

सुरुवात शेवटच्या वाक्यापासून, कारण अख्खा सल्ला त्याच्याच जिवावर उभा आहे. "दोन वर्षं मजेत." कासव थंड रक्ताचं, कमालीचं चिवट. गार पाणी, निकृष्ट खाणं, घाण हे सगळं ते महिनोन्‌महिने सोसतं. ना ओरडतं, ना अंग टाकतं. नीट सांभाळलेलं स्लायडर वीस-तीस वर्षं सहज जगतं, कधी त्याहूनही जास्त. त्यात दोन वर्षं टिकलं म्हणजे फार तर ते अजून मेलेलं नाही एवढंच सिद्ध होतं.

आता "भांड्याएवढंच वाढतं". अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाचं कवच जेमतेम ३ सेंटिमीटर असतं. पुढे नर साधारण १५ ते २० सेंमीचा होतो, मादी २५ ते ३० सेंमीची. भांडं बघून वाढ थांबवणारी कुठलीही यंत्रणा त्याच्या शरीरात नाही. छोट्या भांड्यातली कासवं खुरटलेली दिसतात हे खरं, पण ती खुरटतात अर्धपोटी राहून, थंडीत कुडकुडून आणि प्रकाशाविना. खुंटलेली वाढ हे आजारपण आहे, आणि सल्ला देणारा ते सोय म्हणून सांगतोय. टाकीचा ढोबळ हिशेब असा: कवचाच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण ४० लिटर पाणी. म्हणजे १० सेंमीच्या कासवाला दीडशे लिटरच्या वर, मोठ्या मादीला ४०० लिटर. दर काही महिन्यांनी टाकी बदलत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच दीड-दोनशे लिटरची घ्यावी. पिल्लू "मोठ्या टाकीत घाबरतं" असंही ऐकायला मिळतं. लपायला आडोसा दिला की ते दोन दिवसांत सगळी टाकी पालथी घालतं.

बुडण्याची भीती नेमकी उलटी आहे. ही पोहणारी कासवं आहेत आणि पिल्लू पहिल्या दिवसापासून पोहतं. दगडावरून घसरून पाठीवर पडलं, तर खोल पाण्यात ते सहज कलंडून सरळ होतं. उथळ पाण्यात, कवचाच्या रुंदीएवढीही खोली नसेल तर, पाय हलवत तसंच अडकून पडतं. ५ सेंमीच्या पिल्लासाठी दोन बोटं पाणी हाच सापळा. खोली कवचाच्या लांबीच्या किमान दीडपट हवी. नव्या पिल्लाला १२ ते १५ सेंमीपासून सुरुवात करून, पृष्ठभागाजवळ टेकायला पाणवनस्पती द्यावी. खोल पाण्यात बुडण्याचा खरा धोका शोभेच्या वस्तूखाली किंवा फिल्टरच्या तोंडाशी अडकण्याचा असतो. तशा फटी बुजवा. आजारी, अशक्त कासवाला मात्र तात्पुरतं उथळ पाणीच द्यावं.

खिडकीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण ही चूक वरवर शहाणपणाची वाटते. कासवाला ऊन दोन कामांसाठी लागतं: अंग तापवायला आणि अतिनील किरणांतला यूव्हीबी मिळवायला. यूव्हीबीमुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्याशिवाय खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. साधी काच उजेड आत सोडते, यूव्हीबी जवळजवळ सगळा अडवते. खिडकीची एक काच, भांड्याची दुसरी. पिल्लाला उजेड आणि उष्णता मिळते, यूव्हीबी मिळतच नाही. वर त्या चार पेले पाण्याला दुपारी चटका बसतो आणि पिल्लाला पळायला जागा नसते.

परिणाम बोटाला कळतो. अगदी नव्या पिल्लाचं कवच कडेला थोडं लवतं, ते स्वाभाविक. पण महिने उलटले तरी दाबल्यावर कवच रबरासारखं आत जात असेल, कडा वर वळल्या असतील, तर हाडं ठिसूळ होत चालली आहेत. तिथे घरगुती उपाय नको, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठावा.

म्हणून बल्ब दोन. एक उष्णतेचा, ज्याच्याखाली दगडावर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस मिळेल. दुसरा यूव्हीबीचा, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक न ठेवता, बल्बवर छापलेल्या अंतरावर. दोन्ही दिवसाचे दहा-बारा तास चालू, रात्री बंद. यूव्हीबी बल्ब पेटलेला दिसतो तोवर ठीक, असं नसतं. उजेड तसाच राहतो पण यूव्हीबी घटतो, त्यामुळे सहा महिने ते वर्षभरात तो बदलावा लागतो. पाणी पिल्लासाठी २५ ते २७ अंश, हीटरला संरक्षक जाळी. दगडावर चढायला उतार हवा आणि वरचा भाग पूर्ण कोरडा राहायला हवा. जागा जमली की पिल्लूच सांगतं: मान ताणून, मागचे पाय लांब पसरून, बोटांमधले पडदे उघडून ते निवांत पडून राहतं.

फिल्टर नको म्हणणाऱ्यांनी एकदा भांड्यात नाक घालावं. कासव त्याच पाण्यात खातं आणि त्याच पाण्यात घाण करतं. घाणीतून अमोनिया होतो, तो डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला काही आठवडे जातात, त्या काळात पाणी जास्त वेळा बदलावं. फिल्टर टाकीच्या क्षमतेपेक्षा दुप्पट-तिप्पट पाण्यासाठीचा घ्यावा, कारण माशांच्या मानाने कासव फार घाण करतं. पुढे दर आठवड्याला पाव भाग पाणी बदललं तरी चालतं. नळाचं पाणी क्लोरीन काढून घालावं. स्पंज नळाखाली खळखळून धुऊ नये, टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळावा, नाहीतर क्लोरीन जिवाणूंची वस्ती मारून टाकतं.

तळाला रंगीत खडे असतील तर काढून टाका. पिल्लू ते गिळतं आणि आतडं तुंबतं. तळ मोकळा असला तरी काही बिघडत नाही.

सुकी कोळंबी अधूनमधून द्यायला हरकत नाही, रोजचं जेवण म्हणून ती निकामी. त्यात अ जीवनसत्त्व तुटपुंजं असतं आणि त्याच्या अभावी पापण्या सुजून डोळे मिटतात. लोक म्हणतात, "झोपाळू आहे." त्याला दिसत नसतं, म्हणून ते खात नसतं. पिल्लाला रोज एकदा, त्याच्या डोक्याएवढ्या आकारमानाचं, पाणकासवांचं दाणेदार खाद्य द्यावं. जोडीला पाणवनस्पती किंवा हिरवा पाला, आणि टाकीत कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा (कटलबोनचा) तुकडा. घास पाण्यातच टाकायचा, कारण ही कासवं पाण्याबाहेर गिळू शकत नाहीत.

राहिलं मुलांचं खेळणं. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही पोटाचा संसर्ग करणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. मुलांना होणाऱ्या संसर्गामुळेच अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. हात लावला की साबणाने धुवायचा, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती पिल्लू द्यायचंच नाही. टाकीचं सामान स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही, त्यासाठी वेगळी बादली ठेवायची.