जिन्याखालचा दारूगोळा

पिण्याच्या आणि उडवण्याच्या द्रव्याला मराठीने ‘दारू’ हा एकच शब्द का ठेवला, हे लेस्टरच्या आमच्या घरात पहाटे ३ वाजता जिन्याखालच्या कपाटातून आलेल्या दोन धमाक्यांनी मला समजावले. घरगुती बिअरसाठीचा परवाना ब्रिटनने १९६३ मध्येच रद्द केलेला असल्याने माझ्या हातून गुन्हा घडला नव्हता; घडला होता तो निव्वळ गाढवपणा.

२३ लिटरच्या पिंपातले बुडबुडे थांबले, तेव्हा आंबणे संपले असे मी परस्पर ठरवून टाकले. जानेवारीत आमच्याकडे इडलीचे पीठ दोन दिवस ढिम्म बसते आणि हीटरशेजारी ठेवताच पातेले सोडून ओट्यावर उतरते. तरीही यीस्ट थंडीने नुसते निजले असेल, ही शंका मला शिवली नाही. द्रवाच्या घनतेवरून त्यात किती साखर उरली ते सांगणारा हायड्रोमीटर १.०१८ दाखवत होता. तो १.०१० च्या आसपास उतरून सलग तीन दिवस तिथेच थांबायला हवा होता. मी एकदाच पाहिले आणि ‘चालेल’ म्हटले. त्या उरलेल्या आठ अंशांतूनच बिअरच्या आकारमानाच्या सुमारे चौपट वायू निघतो, आणि साध्या बाटलीवर तिपटीपुढे भरवसा ठेवू नये.

त्यात भर साखरेची. बाटलीत यीस्टने खाऊन वायू सोडावा म्हणून घालायची ही साखर २३ लिटरला सुमारे १२५ ग्रॅम, तीही वजन करून, पाण्यात उकळून, सगळ्या बिअरमध्ये एकदम मिसळायची असते. मी ती बाटलीगणिक चमच्याने घातली, आणि पाहुण्याच्या चहात साखर कमी पडता कामा नये, या संस्कारात वाढलेला माझा हात प्रत्येक चमचा शिगोशीग भरत गेला. शिवाय ४० बाटल्या ठेवल्या त्या व्हॅक्यूम क्लीनरशेजारी, जिथून हीटिंगची गरम नळी जाते.

“उरलेल्या अडतीस बाटल्यांचं काय करणार आहेस?” बायकोने विचारले. गार द्रवात वायू अधिक विरघळतो आणि दाब उतरतो, एवढे आठवून मी हीटिंग बंद केले, मागचे दार सताड उघडले आणि दिवसभर सगळ्या घरालाच शीतपेटी केले. मग चष्मा, जाड हातमोजे आणि चामड्याचे जाकीट चढवून, एकेका बाटलीवर टॉवेल टाकून झाकणे हळूहळू सैल केली. तरीही प्रत्येक बाटली भुईनळ्यासारखी उडाली.

आता प्रत्येक खेपेस मी एक प्लास्टिकची बाटलीही भरतो. ती दाबून आतला जोर कळतो. परवा बायकोने ती दाबून पाहिली, काही बोलली नाही, आणि केर केरसुणीने काढला.