सर्व्हर पुन्हा उठू नये यासाठी काही खात्रीशीर उपाय

रीबूट केलं आणि सर्व्हर मुकाट्याने परत आला, यात कसली आलीय मजा? पिंगला (‘आहेस का?’ या नेटवर्कवरच्या हाकेला) उत्तर येत नाही, ग्रुपवर साहेब ‘एनी अपडेट?’ विचारतायत, हा खरा अनुभव. तो आपल्यामागून येणाऱ्याला द्यायचा असेल, तर खालील उपाय करा. गेल्या शनिवारी रात्री मला त्यांचा लाभ एकगठ्ठा झाला.

लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम म्हणजे ग्रब. त्याची सेटिंगची फाइल, ग्रब.सीएफजी, हातानेच बदला. ‘डू नॉट एडिट धिस फाइल’ असं तिच्या माथ्यावर लिहिलेलं असतं, ते लोकांसाठी. तुम्ही तज्ज्ञ आहात. खरं तर बदल /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये करून अपडेट-ग्रब ही आज्ञा चालवायची असते, ती ही फाइल नव्याने बनवते. पण मग पुढच्या अपडेटला तुमची कारागिरी पुसली कशी जाणार? तोवर तुम्ही दुसऱ्या कंपनीत गेलेले असता, ते वेगळं.

कोणता कर्नल (सिस्टिमचा गाभा) सुरू करायचा हे विचारणाऱ्या ग्रबच्या मेनूचा टाइमआउट, म्हणजे थांबायचा वेळ, शून्य ठेवा. डिस्क सांभाळणारं रेड (RAID) कार्ड सुरू व्हायला पाच मिनिटं घेतं ते चालतं, पण मेनूला पाच सेकंद? छे!

सीरियल कन्सोल, म्हणजे बूट होतानाचा पडदा दुरून बघायची आणि बटणं दाबायची सोय, लावू नका.

रेड-वन केलं, म्हणजे तोच डेटा दोन डिस्कवर ठेवला, तरी ग्रब एकाच डिस्कवर टाका. आधी मरते ती हमखास तीच.

आता रामबाण उपाय. कर्नल ठेवायच्या /बूट फोल्डरला डिस्कचा चिमुकला वेगळा तुकडा (पार्टिशन) द्या आणि पुन्हा तिकडे ढुंकून पाहू नका. जुनी पॅकेजं काढणारी ऑटोरिमूव्ह आज्ञा तर चुकूनही नको, जुने कर्नल म्हणजे वाडवडिलांची ठेव. उबुंटू हा लिनक्स नवे कर्नल आणत राहतो, प्रत्येकाबरोबर एक जाडजूड इनिटआरडी, म्हणजे डिस्क ओळखायला कर्नलला लागणारी शिदोरी. एके दिवशी जागा संपते. व्हीएमलिनुझ (खुद्द कर्नलची फाइल) बसतो, इनिटआरडी बसत नाही, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ ही ओळ लॉगमध्ये पडून राहते. लॉग वाचतंय कोण! मग कुणीतरी उत्साही माणूस अपडेट-ग्रब चालवतो आणि तो लंगडा कर्नल मेनूत सगळ्यात वर जाऊन बसतो. ग्रब तक्रार करत नाही, इनिटआरडीची ओळच गाळून टाकतो. आता रीबूट करा. ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. म्हणजे कर्नलला मुख्य डिस्कच सापडत नाही. संपलं. आणि चांगला चालणारा जुना कर्नल त्याच मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’खाली होता! बाण खाली, एंटर, असं दोनदा, एवढंच काम. पण मेनू दिसणार कसा, टाइमआउट शून्य. बटण दाबणार कुठून, कन्सोल नाही. मग जा मध्यरात्री डेटा सेंटरला, गेटवरच्या वॉचमनला ओळखपत्र दाखवत बसा.

जुलै २०२० मध्ये ग्रबमधलं बूटहोल नावाचं सुरक्षेचं भगदाड बुजवणाऱ्या अपडेटने रेड हॅट कंपनीच्या लिनक्सची मशीनंही उठेनाशी झाली होती, मान्य. पण तिथे दोष अपडेटचा होता. इथे अपडेटने काय केलं? जागा नाही असं स्वच्छ सांगितलं होतं की त्याने!

अरे बाबांनो, किती जागा उरली ते सांगणारं ‘डीएफ -एच /बूट’ टाइप करायला कितीसा वेळ लागतो? रूट पार्टिशन भरत आलं की अलर्ट लावता, मग /बूटने काय घोडं मारलंय? रीबूटआधी प्रत्येक व्हीएमलिनुझच्या जोडीला इनिटआरडी आहे का, हे एकदा फाइलींची यादी दाखवणारं एलएस मारून बघवत नाही? वर अपटाइमचे (सर्व्हर किती दिवस न थांबता चालला त्याचे) स्क्रीनशॉट मिरवता. हँडओव्हरच्या कागदावर ‘सर्व्हर स्टेबल आहे’ असं लिहून गेलात. स्टेबल कसला, नुसता बंद पडला नव्हता. शेवटचा रीबूट कधी केला होता, ते लिहायचं होतं.