ऑपकॅश: ‘टाइमस्टॅम्प’ तपासणी बंद करण्यापूर्वी
ऑपकॅश, म्हणजे पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतला कोड कंपाइल करून मेमरीत साठवणारी सोय, वापरावी आणि तिच्यातील ‘व्हॅलिडेट टाइमस्टॅम्प्स’ हे सेटिंग बंद करावे, असा सल्ला एका लेखात दिला आहे. ऑपकॅशमुळे पीएचपीची संकेतस्थळे वेगवान होतात, हे त्या लेखातील विधान अगदी बरोबर आहे. प्रत्येक विनंतीगणिक तीच फाइल वाचून पुन्हा कंपाइल करण्याचे काम वाचते आणि तयार ऑपकोड (कंपाइल झालेल्या सूचना) थेट सामायिक मेमरीतून मिळतो. मात्र ‘व्हॅलिडेट टाइमस्टॅम्प्स’, म्हणजे फाइल बदलली आहे का हे तिच्या वेळेवरून पाहणारी तपासणी, बंद करण्याचा सल्ला देताना त्याचा परिणामही सांगायला हवा होता. ही तपासणी बंद असताना नवा कोड सर्व्हरवर चढवला, तरी जुनाच चालत राहतो, आणि कमांड लाइनवरून कॅश रीसेट करूनही उपयोग होत नाही, कारण त्या प्रोसेसची मेमरी एफपीएमहून (संकेतस्थळाच्या विनंत्यांसाठी पीएचपी चालवणाऱ्या सेवेहून) वेगळी असते. एफपीएम रीलोड करावे लागते किंवा कॅश एफपीएममार्फतच रीसेट करावी लागते. मूळ सेटिंगनुसार ही तपासणी फार तर दर २ सेकंदांनी एकदा होते, त्यामुळे लहान संकेतस्थळांनी ती चालूच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.